त्या रविवारच्या कार्यक्रमाबद्दल

आई,

काल चाकणला शूटिंग होतं. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर भाग करायचा होता, म्हणून कंपनीने आम्हाला थेट आत नेलं. कॅमेरा लागेपर्यंत मी वायरिंगच्या लाइनपाशी थांबले. निळे एप्रन घातलेल्या बायका मोठ्या फळ्यांवर रंगीत वायरी अंथरत होत्या आणि टेप गुंडाळून त्यांच्या जुड्या बांधत होत्या. तू एकवीस वर्षं हेच केलंस. मी मात्र टीव्हीवर गाड्यांमधलं सगळं कळतं म्हणून मिरवणारी, आणि ते काम इतक्या जवळून काल पहिल्यांदा पाहिलं.

मला गाडी शिकवायचं तू ठरवलंस तेव्हा मामा म्हणाला होता, "पोरीला काय ड्रायव्हर करतीस?" तू भाकरी थापताना मानही वर केली नाहीस. "व्हय. गाडी बांधणारी हाय घरात, चालवणारी नको का?" पहिली शिफ्ट संपवून तू कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरायचीस आणि तशीच ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मागे बसायचीस, मास्तरांबरोबर मी एकटी नको म्हणून. पाच मिनिटांत तुझा डोळा लागायचा, डोकं काचेवर आपटायचं. मी क्लच चुकीचा सोडला की गाडी हिसका द्यायची, आणि तू डोळे न उघडता म्हणायचीस, "सावकाश, बाई." अजूनही एखादी नवी गाडी ताब्यात घेताना मी मनात तेवढंच म्हणते.

पुढे डिप्लोमा झाला, चिंचवडच्या केबल चॅनलवर बातम्या वाचल्या, आणि मग रविवारचा गाड्यांचा कार्यक्रम मिळाला. सुरुवातीला लोक फोन करून म्हणायचे, "सरांना द्या जरा." तू मात्र शेजारणींना गोळा करून बघायचीस आणि मी घरी आले की एकच विचारायचीस, "मागं बसणाऱ्याचं पाय अवघडत्यात का, ते का न्हाई सांगितलंस?" मग मी प्रत्येक गाडीत आधी मागे बसायला लागले. वाकडच्या सोसायट्यांमधले लोक आजही पार्किंगमध्ये गाठून मला तेच विचारतात. त्यांना वाटतं, ही माझी युक्ती.

आणि मग तो रविवार. एका नव्या गाडीचे दिवे सारखे बंद पडत होते. मी बॉनेट उघडलं, ताणलेल्या वायरी दाखवल्या आणि म्हणाले, "ज्या हातांनी हे काम केलंय, त्यांना लाज वाटायला हवी." ते वाक्य लोकांना फार आवडलं. फोनवर फोन आले. घरी आले तर तू ओट्यापाशी मेथी निवडत होतीस. जेवलीस का, असंही विचारलं नाहीस. पानं खुडता खुडता म्हणालीस, "वायर आखूड यायची गं. आमी वरच्याला दाखवायचो. तो म्हणायचा, बसव. मग आमी ताणून बसवायचो." हातातली काडी बाजूला टाकून म्हणालीस, "लाज कुणाला वाटाया पायजे, ते तू बघ." तू आवाज चढवला नव्हतास. चढवला असतास तर मी भांडले तरी असते.

मी तुझ्यापाशी बसले, मेथीची जुडी ओढून घेतली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगते. चूक माझी होती, असं सगळ्यांसमोर सांगते."

पुढच्या रविवारी तू शेजारणींना जरा लवकरच बोलावलंस. जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीस. कार्यक्रम संपला, बायका उठून गेल्या, आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "चॅनलने कापलं, आई."

तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. "तू बोललीस ना? मग झालं. आमचंबी बोलणं लई कापत्यात." आणि पिठलं टाकायला उठलीस. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर तू तीनच वर्षं होतीस. आता तुला जाऊन अकरा झाली. तू हे कुणाकुणाला सांगितलंस, मला कधी कळलं नाही. काल त्या लाइनवरची तिशीतली एक बाई हातातली टेप खाली ठेवून माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, आमच्या सासूबाई तुमच्या आईंसोबत कामाला होत्या. त्या अजून सांगतात, तुम्ही आमच्या बाजूनं बोलला होता, पण चॅनलवाल्यांनी कापलं." आजूबाजूच्या दोघीतिघी काम करता करता माझ्याकडे बघून हसल्या. मी "हो" म्हणाले. तिच्याबरोबर फोटो काढला. मग कॅमेरा सुरू झाला आणि मी बॅटरीबद्दल बोलले.

आता पुनावळ्याच्या घरी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. चहा निवून गेलाय. हा कागद घडी करून कुठे ठेवायचा, तेही मला सुचत नाही.

चॅनलने काही कापलं नव्हतं, आई. त्या शूटिंगला, दिवे बंद पडणाऱ्या त्या गाडीच्या कंपनीचा माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. मी बोललेच नव्हते.