सुरुंग लिहिलेला कागद

मी, वय एकाहत्तर, अविवाहित, भूकंपनोंद केंद्रातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही. सकाळपासून तीनदा उठून दाराची कडी पाहून आले. यापूर्वीची चार मृत्युपत्रे रद्द समजावीत. चारही पाचव्या कलमापाशी फाडली.

१. तळमजला माझ्या मालकीचा. तो धाकट्या भावाच्या मुलीला द्यावा. वरचा मजला धाकट्याने बांधला, माझे न ऐकता. भिंतींना एकत्र धरणारा काँक्रीटचा पट्टा नाही आणि वर भली मोठी पाण्याची टाकी. मी टोकले तर म्हणाला, "ताई, तू आहेस ना! हलायच्या आधी तू सांगशीलच."

२. बँकेतली ठेव भाचीच्या नावे; ती घर मजबूत करण्यासाठीच मोडावी. भावजयीला नवे कपाट हवे आहे, मला ठाऊक आहे. ठेव त्यासाठी नाही.

३. माझे भिंग आणि मोजपट्टीही भाचीला. तिने विचारले होते, "आत्या, जमीन सरकून जाते कुठे?" तर ऐक. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे आहे. ते नखे वाढतात त्या चालीने सरकतात. कडा एकमेकींत अडकतात, रेटा थांबत नाही, खडकात ताण साठत जातो आणि एक दिवस खडक सुटतो. कुठे सुटू शकेल याचा अंदाज बांधता येतो. कधी, ते कोणालाच सांगता येत नाही.

४. शेजारचा शिंपी तीस वर्षे रोज विचारतो, "काय बाई, आज हलणार का?" त्याला वरच्या कलमाचे शेवटचे वाक्य ठेवले आहे. दुसरे काही नाही.

५. वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारला यंत्राच्या कागदावर लहानसा धक्का उमटला. केंद्राजवळच्या खाणीत रोज चारलाच सुरुंग उडे, म्हणून मी सवयीने पेन्सिलीने 'सुरुंग' लिहिले. खाणीला फोन करून खात्री करायचा नियम होता. केली नाही. त्या दिवशी खाण बंद होती.

दुसऱ्या दिवशी वडील जेवून लवंडले आणि मोठा धक्का आला. भिंत त्यांच्यावर पडली. धाकटा परगावाहून धावत आला. "ताई, तू कामावर असून कळलं नाही?"

"मी रजेवर होते रे," मी म्हटले.

लहान धक्क्यामागून मोठा येणार, हे मोठा येऊन गेल्यावरच ठरते. खरी नोंद केली असती तरी वडिलांना कोणी उठवले नसते. हे मला तेवीस वर्षे तोंडपाठ आहे आणि एक दिवस चैन नाही. पण मी जागेवर असते तर कळले असते, असे धाकटा समजून बसला. त्या भरवशावर त्याने मजला चढवला. धाकट्या, मी जागेवरच होते. मला कळत नाही. मी सांगू शकणार नाही.

हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार करत नाहीत, म्हणून घर भाचीला दिले आणि धाकट्याला साक्षीदार केले. 'सुरुंग' लिहिलेला कागद सोबत जोडला आहे. वाचल्याशिवाय त्याने सही करू नये.

ठिकाण: तळमजला, पुढची खोली. दिनांक: चौदा, मंगळवार, दुपारचे चार.

(लिहून देणारीची सही)

साक्षीदार १: शिंपी (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही)
वाचलं. ताई, तुझ्याशी बोलायला मला वेळ लागेल. टाकीचा नळ सोडून आलोय. अंगणात पाणी येईल, घाबरू नकोस.