ओलायातले फ्रेंच शुक्रवार

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

बायको परक्या माणसाच्या प्रेमात पडली! माणूस फ्रेंच आहे, काळा-पांढरा आहे आणि बहुतेक वारलेला आहे.

झालं असं — इथल्या ओलाया भागात फहादने छोटा सिनेमा हॉल काढलाय. पोरगा इथलाच, रियाधचा. शिकायला फ्रान्सला गेला आणि तिथले जुने सिनेमे डोक्यात भरून आला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पॅनल लावायचं काम आमच्या वर्कशॉपने केलं. पोरगा खूश. "हाशमभाई, दर शुक्रवारी दोन खुर्च्या तुमच्या." बायको, मुन्नी, ऑगस्टमध्ये गावाहून आली, तेव्हापासून घरातच. म्हटलं, चल.

सिनेमात एक नावाडी. रोज सकाळी शाळेतल्या बाईंना नदीपार नेतो, संध्याकाळी परत आणतो. दोन तास हेच! बोलत काही नाही. शेवटी बाई दुसऱ्याशी लग्न करतात, आणि त्यांच्या ट्रंका पलीकडे कोण नेतो? हाच गाढव!

मी म्हटलं, "एखाद्या खाला-मावशीला पाठवून मागणं घालायचं की नाही? तेवढ्या वेळात नदीवर पूल झाला असता."

मुन्नी ओढणीने डोळे पुसत होती. "तुम्हाला नाही कळायचं. कसा बघतो तिच्याकडे, ते बघा."

शनिवार, ११ ऑक्टोबर

हुसेनमियाँला सांगितलं. आमचा जुना सुतार, लखनौचा. रंधा खाली ठेवून हसला. "भाई, मरे हुए से जलते हो?"

जळत नाही. पण त्या पडद्याकडे ती जशी बघत होती, तसं माझ्याकडे बघितल्याचं आठवत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

लग्नाला एकतीस वर्षं झाली. सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर जेमतेम चार वर्षं भरतील. बाकी सगळा संसार फोनवर. जिझानच्या बंदरात खोकी फोडायचो तेव्हा बूथवर रांग लावून, आता वर्कशॉपमध्ये अकरा माणसं आहेत तर खुर्चीत बसून. कान माझे आधीपासून तिखट. ती 'हॅलो' म्हणाली की कळायचं — पडवीत आहे की चुलीपाशी, माझी अम्मी शेजारी उभी आहे की नाही. सर्दी झालेली तिच्याआधी मला कळायची!

आणि आता समोर बसते तर दोघं मुके. "मीठ बरोबर आहे?" "आहे." खलास! काल दुपारी वर्कशॉपमधून सहज फोन लावला, तर चाळीस मिनिटं बोलली. शेजारणीची नक्कल केली, हसता हसता ठसका लागला. घाईघाईने घरी आलो. दार उघडलं, ग्लासभर पाणी दिलं आणि आत गेली.

वीस नोव्हेंबरला तिचा व्हिसा संपतो. तिला म्हणायचंय, राहा. कायमची. पण गावात तिच्या बहिणी, तिची माणसं, इथे कोण? मी. तोही सकाळी सातला बाहेर. नाही म्हणाली तर?

आतापर्यंत आठ वेळा तोंड उघडलं. आठही वेळा चहा मागितला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आजचा सिनेमा पियानो जुळवणाऱ्याचा. मोठ्या घरच्या एका बाईंवर त्याचं मन. दर वेळी सगळा पियानो लावून देतो, एकच तार मुद्दाम बेसूर ठेवतो — म्हणजे बाई पुन्हा बोलावतील! लबाड! पण कारागीर पक्का. बाई शेवटपर्यंत त्याला नुसता कारागीरच समजतात. त्या गेल्या की खोलीत फक्त घड्याळाची टिकटिक. संगीत नाही, काही नाही. माझ्या पॅनलमुळे ती टिकटिक अगदी स्वच्छ ऐकू आली, हेही लिहून ठेवतो!

यात बोलणं बरंच. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, ती मुन्नीला काय कळणार? म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन आमच्या बोलीत सांगत गेलो. मध्येच बघतो तर डोळे मिटलेले.

"झोपलीस?"

"नाही हो. डोळे मिटले की तुम्ही फोनवर आहात असं वाटतं. सांगा पुढे."

पुढची चार वाक्यं माझी चुकलीच.

बाहेर फहादला विचारलं, "तुझ्या या फ्रेंच लोकांना जीभ नाही का रे? जो तो झुरतो आणि सिगरेट ओढतो!" तो म्हणाला, "जीभ आहे, हाशमभाई. नकार ऐकायची भीती आहे. भीती होती म्हणून तर सिनेमे चांगले झाले."

मी मोठ्याने हसलो. मग गाडी चालवताना आमच्या घराचं वळण चुकलो.

रविवार, २ नोव्हेंबर

पुन्हा विचारायला गेलो. पुन्हा चहा. आता ऍसिडिटी.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काय ऐकलं आज!

जुम्म्याच्या नमाजाला निघायचं म्हणून नळावर हातपाय धूत, वजू करत होतो. मुन्नी स्वयंपाकघरात, फोनवर तिची बहीण सफूरा. सफूराचं ऐकू येत नव्हतं; आमच्या बाईंचं सगळं येत होतं.

"अगं, मी कशी विचारू? तीन महिन्यांसाठी बोलावलंय. पाहुणीने आपण होऊन म्हणायचं का, राहते म्हणून? ...नाही गं, चांगले वागतात... हो, अजून तसेच दिसतात, पोट सोडलं तर... तो नावाडी निदान बघायचा तरी. हे माझ्याकडे तोंड उघडून बघतात आणि चहा मागतात!"

नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तिथेच उभा राहिलो. या अल्ला! म्हणजे दोन्ही काठांवर नावाडीच! होडीत कोणी बसायलाच तयार नाही!

शनिवार, ८ नोव्हेंबर

विचारलं!

समोर जाऊन नाही जमलं. सोफ्यावर बसलो आणि फोन लावला. घंटा स्वयंपाकघरात वाजली.

"हॅलो? कुठे आहात?"

"हॉलमध्ये."

"आपल्या?"

"हो. मुन्नी, ऐक. राहशील का इथे? माझ्याबरोबर. कायमची."

फोडणी चर्र झाली — एका कानात फोनमधून, दुसऱ्यात भिंतीपलीकडून. मग तिचा श्वास. इतक्या वर्षांत तिची गप्प बसण्याची प्रत्येक तऱ्हा मला पाठ होती. ही नवीन होती.

"बघते," म्हणाली. आणि फोन ठेवला!

जेवताना माझ्याकडे बघत होती. मी मीठ नसलेली आमटी दोनदा घेतली.

रविवार, ९ नोव्हेंबर

ती 'बघते' म्हणाली, तरी तयारी असावी म्हणून मुंबईला झयानला फोन केला. आईचं तिकीट मुलानेच काढलं होतं. म्हटलं, परतीची तारीख जरा पुढे ढकल. पोरगा गोंधळला. "परतीची कुठली, अब्बा? अम्मीने वन-वेच काढायला लावलं होतं. गावचं घरसुद्धा शाळेच्या मास्तरांना भाड्याने देऊन आली. तुम्हाला अजून बोलली नाही?"