सुरी कुणाच्या म्यानात

काउहावा, १३ जून १९६६

ति. ओस्करीदादास,
सायमाचा सा. न. वि. वि.

पाकीट फोडताच तू वहिनीला म्हणशील, आली हिची सुऱ्यांची कहाणी! आलीच आहे. मुकाट्याने वाच.

लिलावात घेतलेलं ते जुनं म्यान आठवतं ना, लाल चामड्याचं, पितळी टोकाचं? आतली सुरी कधीच हरवलेली. काल चर्चच्या जत्रेत मी ते रिकामं म्यान कमरेला लावूनच गेले आणि दिसेल ती जुनी सुरी घालून बघत सुटले. एक ढिली, दुसरी अडकते, तिसरी अर्धी बाहेर. शेवटी वैतागून कॉफी पीत उभी होते, तर तळ्याकाठचा नेस्तोरी लोहार समोर आला. खिशातलं फडकं सोडलं, आतली सुरी काढली आणि माझ्या म्यानात सरकवली. अशी बसली दादा, खट्ट! मुठीवरचा घोडा आणि म्यानावरचा घोडा एकाच हातचे. मी किंमत विचारेपर्यंत हा टोपी उचलून पसार. मुलखाचा घुमा माणूस!

आता माझ्या भिंतीवर पंच्याऐंशी सुऱ्या झाल्या. वहिनीला नमस्कार सांग, आणि तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सायमा

वासा, १७ जून १९६६

चि. सायमा हिस अनेक आशीर्वाद.

तुला अक्कल कधी येणार? एकसष्ट वर्षांची झालीस. आजी काय सांगायची ते पार विसरलीस? मुलगी लग्नाची झाली की बाप तिच्या कमरेला रिकामं म्यान लावून तिला चर्चला न्यायचा. ज्याला ती हवी असेल तो आपली सुरी त्यात घालायचा. आठवड्याच्या आत सुरी परत गेली तर नकार, नाही गेली तर लग्न. आणि तू भर जत्रेत, चर्चच्या अंगणात, रिकामं म्यान मिरवत हिंडलीस! नेस्तोरी विधुर आहे. त्याने ती सुरी तुझ्या संग्रहासाठी दिली असं वाटतंय तुला?

पत्र वाचून तुझी वहिनी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. मला हसू आलं नाही. मी तीस वर्षं मुख्याध्यापक होतो, इथे मला चार लोक ओळखतात. सुरी ताबडतोब परत कर. बाईमाणसाने जमवायच्याच तर कपबश्या जमवाव्यात.

रागावलो तरी आशीर्वाद आहेतच.

तुझा दादा,
ओस्करी

काउहावा, २१ जून १९६६

ति. दादास सा. न. वि. वि.

देवाशपथ, माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तरीच सगळं गाव मला बघून खोकतंय! पाववालीने तर काल एक पाव जास्तीचा दिला, म्हणे आता दोघांना लागेल.

पण परत देऊ? मुळीच नाही. शंभर वर्षांनी भेटलेली जोडी मी पुन्हा तोडू? आणि कपबश्या तू जमव. चाळीस वर्षं मी सायकलवरून घरोघर टपाल वाटलं. एकेक सुरी एकेका उंबरठ्यावरून माझ्याकडे आली. सुईणीची आहे, हिमात हरवलेल्या लाकूडतोड्याची आहे. लोकांनी विश्वासाने दिल्या, आणि कुणाची कुठली ते मला तोंडपाठ आहे.

मी नेस्तोरीला जाऊन सरळ विचारलं. तो मान खाजवत म्हणाला, सुरी आजोबांच्या पेटीतली आहे, विकायची नाही. आधी म्यान दिसलं की मी, असं विचारल्यावर म्हणाला, दोन्ही एकदमच. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. आजीचा आठवडा उलटून गेला आहे, तरी आता मी विचार करते आहे. माझी मी.

लोभ कमी करू नकोस, उपदेश केलास तरी चालेल.

तुझी,
सायमा

वासा, २८ जून १९६६

चि. सायमा हिस अनेक आशीर्वाद.

मी इकडून सगळी चौकशी केली. नेस्तोरी दारू पीत नाही, घर स्वतःचं आहे, काठावर वाफेच्या अंघोळीची सौना आहे, चर्चला न चुकता जातो. या वयात याहून चांगलं स्थळ मिळायचं नाही. वडील नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी मीच. म्हणून त्याला तुझा होकार कळवून टाकला आहे.

त्याचं घर लहान आहे. सुऱ्यांचा पसारा लग्नाआधी निघेल, असंही लिहिलं. इथल्या एका व्यापाऱ्याशी बोललो आहे, तो शनिवारी गाडी घेऊन येईल. सगळ्या त्याच्या ताब्यात दे. आज चिडशील, उद्या माझे आभार मानशील.

सुखी राहा.

तुझा दादा,
ओस्करी

काउहावा, ११ जुलै १९६६

ति. दादास सा. न. वि. वि.

तुझा व्यापारी आला. भला माणूस होता बिचारा. त्याला कॉफी पाजली, गरम पाव खाऊ घातला आणि रिकाम्या गाडीनिशी परत पाठवला. त्याच्यावर राग नव्हता. तुझ्यावर इतका होता की सायकल धड चालवता येईना! माझा होकार तू दिलास? माझ्या सुऱ्या तू विकायला काढल्यास? अरे, शाळेतून निवृत्त झालास, आता तरी दुसऱ्याच्या नावावर हजर म्हणायचं सोड!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तशीच नेस्तोरीकडे गेले. तो पायरीवर बसून चमचा कोरत होता. घोड्याची सुरी मी त्याच्या शेजारी ठेवली. ठेवताना हात जड झाला दादा, तशी सुरी पुन्हा मिळायची नाही. त्याला म्हटलं, माझ्या भावाने दिलेला होकार माझा नव्हे, तेव्हा तो मोडला. त्याने हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाला, सुऱ्या काढ असं मी कधी म्हटलंच नव्हतं, तुझ्या भावाचं पत्र वाचून मलाच भीती वाटली.

चमचा कोरत होता ना, म्हणून त्याच्या कमरेचं म्यान रिकामं होतं. मी माझी सुरी काढली. संग्रहातली नव्हे, माझी स्वतःची, चाळीस वर्षं टपालाच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापून पातं निम्मं झालेली. ती त्याच्या म्यानात सरकवली. बसली मुळीच नाही, ढिलीच राहिली. म्हटलं, आठवडा आहे, नको असेल तर परत आणून दे, आणि भिंतीवरच्या चौऱ्याऐंशी माझ्याबरोबर येतील हे धरून चाल. म्हटलं आणि सायकलवर बसले. आजीच्या गोष्टीत असं कुठल्या मुलीने केलेलं नाही, ठाऊक आहे मला. नाही केलं तर नाही केलं.

काल आठवडा संपला. सुरी परत आली नाही. नेस्तोरी आला, मोजपट्टी घेऊन, आणि माझी सुऱ्यांची भिंत किती लांब आहे ते मोजून गेला.

लोभ आहे तो असू दे. फक्त माझ्या वतीने होकार देणं आता बंद कर.

तुझी,
सायमा