बॉल नाही तिकडे

३ डिसेंबर

आजही पोरगी दिसली नाही! मोबाईल लोट्याला टेकवून, लसूण सोलत फुटबॉलची पूर्ण मॅच पाहिली. बॉल दिसला, शिट्टीवाला दिसला, मैदानात घुसलेलं कुत्रं तर दोनदा दिसलं. माझी प्रेरणा तेवढी नाही. व्हिडिओ काढणारी पोरगी बॉलच्याच मागे मोबाईल फिरवते. आणि माझी नात म्हणे फॉरवर्ड — गोल करणाऱ्यांतली. मग बॉल तिच्याजवळ काहून नसतो?

हे लिहिणं तिनंच लावून दिलं. दिवाळी करून यवतमाळच्या होस्टेलला परत निघाली तेव्हा म्हणाली, "आजी, हे माइकचं चित्र दाब अन् बोल. तो लिहिते. मी नसली की याच्याशी बोलत जाय." तारीखही तोच टाकतो. जन्मभर अक्षराला हात लावला नाही, आता लेखिका झाली! वाचून दाखव म्हटलं की वाचतोही. मी मनात म्हणते, हा मला वाचतो. शिकलेला आहे बिचारा. उलटून बोलत नाही, एवढाच दोष.

५ डिसेंबर

बोलायला काही नाही. एका माणसाची भाजी होतच नाही. उरते.

१० डिसेंबर

प्रेरणाचा फोन. मी सरळ विचारलं, तुले मुद्दाम कोणी बॉल देत नाही काय? आमच्या वेळी विटाळ नको म्हणून आम्हाला पाणी वरून ओतायचे, म्हणून विचारलं. पोरगी हसली. म्हणाली, "तसं नाही वं आजी. मी बॉल नसताना पळते. मी पळली की समोरच्या टीमच्या दोघी माझ्यामागं येतात. मंग मधात जागा होते. तिथून संगीता गोल मारते."

म्हणजे पळायचं हिनं अन् हार संगीताले!

तर म्हणे, तेच खरं काम आहे. लवकर पळली तर कोणी फसत नाही, उशिरा पळली तर जागा बुजून जाते. कधी पळायचं, कधी नुसतं उभं राहायचं, ते ठरवणं पायापेक्षा डोक्याचं. सर तेच शिकवतात.

फोन ठेवल्यावर हसू आलं. आमच्या वस्तीच्या नळावर मी अन् जाऊबाई हेच करायचो. मी पुढच्या बाईशी भांडण काढायची. सगळ्या माझ्याकडे वळायच्या. तोवर जाऊबाईचा हंडा भरून घरी! पण भांडण लवकर काढलं तर नळाला पाणीच आलेलं नसायचं. मला कोणी सर नव्हते, शिव्या मात्र पोटभर होत्या.

जाऊबाई जाऊन वर्षं झाली. भांडायलाही कोणी राहिलं नाही.

१४ डिसेंबर

प्रेरणानं खूण सांगितली होती. समोरच्या टीमची उंच पोरगी आहे ना, तिच्या मानेकडे पाहत जा. बॉल एकीकडे असतो अन् ती मान वळवून भलतीकडेच पाहते. ती पाहते तिथं मी असते.

आज तसं पाहिलं. वळली मान! पुन्हा वळली! पोरगी दिसली नाही, पण आहे हे कळलं. शेजारच्या डोमाजीला बोलावून दाखवलं. तो म्हणतो, "तुळसाबाई, तुयी नात तं कुठीच नाही. तिकीट काढून बाहेर बसली काय?" म्हटलं, तुम्ही बायको पाहायला गेले तेव्हाही बॉलकडेच पाहत बसले असाल, म्हणून फसले.

जाताना म्हणाला, उद्या लेकीकडे नांदेडला चाललो, उन्हाळाही तिथंच काढीन.

१५ डिसेंबर

डोमाजी गेला. त्याचा खोकला रोज ऐकू यायचा. आज नाही.

२ जानेवारी

मारोतीचा फोन. माझा मुलगा, वणीला कोळशाचा ट्रक चालवतो. बायकोही तिथंच. दर वेळी म्हणतो, आई, इकडे ये. मी नाही जात. तिथं पांढरं लुगडं वाळत घातलं की काळं होऊन उतरतं. वर माडीवर दोन खोल्या, खाली कोणी ओळखीचं नाही. मी माझ्या ओट्यावरून हलणार नाही, हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं की आता तोच माझ्याआधी म्हणून दाखवतो.

आज वेगळंच बोलला. पोरीची राज्याच्या टीममध्ये निवड झाली तर ठीक. नाही तर होस्टेल पुरे. "घरी आणतो तिले, तुयापाशी. उमरखेडच्या कॉलेजात बसनं जाईल. तूबी एकटी आहेस, तुले सोबत होईल."

म्हटलं, पाहू.

एक गोष्ट या मोबाईललाच सांगते, दुसऱ्या कोणाला नाही. क्षणभर वाटलं — नाही झाली निवड तर? सकाळी तिची वेणी घालायला मिळेल. दोन ताटं लागतील. मेलं मन! त्याला थापड मारून झोपवलं.

२३ जानेवारी

नवा व्हिडिओ आला. निवडीची मॅच. यावेळी मोबाईल हलत नाही. बॉलच्या मागेही धावत नाही. जिथं अजून कोणी पोचलंच नाही अशी मोकळी जागा दाखवतो, अन् मग तिथं संगीता येते. काय सुंदर दिसतं!

पण त्या उंच पोरीची मान वळतच नाही. एकदाही नाही.

पुन्हा लावला. मोबाईल धरणारीचा श्वास ऐकू येतो. हळूच म्हणते, "थांब... आता पळ." संगीताला काय ऐकू जाणार? मला गेलं. आवाज ओळखायला अक्षर लागत नाही.

प्रेरणा बाहेर बसलेली आहे, मोबाईल धरून.

२४ जानेवारी

घोटा मुरगळला म्हणे. मला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. निवड झाली नाही. सर म्हणतात पाय बरा होऊ दे, तुझी जागा होस्टेलला आहे, पुढच्या वर्षी पुन्हा खेळ. पण मारोतीनं तोंडातून शब्द काढला तो काढला. रविवारी न्यायला येणार.

"राहू दे ना आजी," ती म्हणाली, "तू एकटीच आहेस. बाबा खरं बोलतात." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी

फळी रिकामी केली, तिच्या पुस्तकांसाठी. जवसाची चटणी कुटली. रविवारपासून घरात माणूस असेल. दिवसभर हात चालत होते.

तिनं कॉलेजातून यायचं अन् मी तिच्या मानेकडे पाहायचं. वळून वळून कुठं पाहील ती?

२६ जानेवारी

मारोतीला फोन केला. म्हटलं, मी वणीला येते. राहायला. त्याला थट्टा वाटली. म्हणाला, "अन् प्रेरणा?" म्हटलं, कुलूपबंद घरात ती कोणाची सोबत करणार? राहू दे तिले होस्टेललाच. मग म्हणाला, बरं.

रविवारी तो यवतमाळला जाणार नाही. इकडे येतो, मला न्यायला.

मी पळली, आला माझ्यामागं!