खिडकीखालचं पिवळं गवत

प्रिय ठमे,

सविनय तक्रार करण्यास कारण की, घरामागच्या हिरवळीवर, आईच्या खिडकीपासून दोन पावलांच्या आत, ताटाएवढे सहा पिवळे डाग पडले असून त्यांनी गेले अडीच महिने प्रस्तुत अर्जदाराची झोप, भूक आणि शेजारसंबंध यांचा समूळ नाश केला आहे. अर्ज कुणाकडे करावा हे ठरवायला मला आठ दिवस लागले. तो तुझ्याकडेच का आला, हे तुला एव्हाना कळलं असेल. तरी पुढे वाच. तू शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई आहेस, पुरावा पूर्ण तपासल्याशिवाय पेपर बाजूला ठेवायचा नसतो.

पहिला डाग पडला तेव्हा मी तुला फोटो पाठवला होता. मिनिटाच्या आत तुझं उत्तर आलं, ‘दादा, कुत्रा! शंभर टक्के.’ तर्कशास्त्र मी संस्कृतातून शिकलो. विश्वासू आणि जाणत्या माणसाचा शब्द हे त्यात स्वतंत्र प्रमाण मानतात. तू जाणती, तू विश्वासू, मग आणखी काय हवं? मी तडक कुंपणापाशी गेलो आणि शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांना त्यांच्या कर्नल नावाच्या कुत्र्याच्या चारित्र्याविषयी दहा मिनिटं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, ‘अहो, आमच्या कर्नलला सोफ्यावर चढायला मागून ढकलावं लागतं, तो तुमचं कुंपण कधी ओलांडणार?’ मी म्हणालो, आरोपीच्या घरचे असंच म्हणतात. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. कर्नल बोलतो, पण दुरून.

मग डागांचे दोनाचे चार झाले आणि मी अभ्यासाला बसलो. कुत्र्यामुळे गवत जळलं तर डागाभोवती गडद हिरवी कड येते. खताचाच प्रकार तो, मधे जास्त झालं की जळतं आणि कडेला बेताचं पोचलं की फोफावतं. आमच्या डागांना कड नव्हती. म्हणजे कर्नल निर्दोष. तरी मी माफी मागितली नाही, कारण दुसरा गुन्हेगार हाती नव्हता. हुमणीची अळी असेल म्हणून मुठीत गवत धरून ओढलं. मुळं खाल्लेली असली तर ते सतरंजीसारखं उचलून येतं. आलं नाही. फावड्याने खणलं तर दोन गांडुळं निघाली, तीही त्रासलेली. बुरशी असेल म्हणून रोज पहाटे भिंग घेऊन दवात पालथा पडलो. पात्यांवर ठिपके नाहीत, पांढरी जाळी नाही. गवत कापायच्या यंत्राची पाती बोथट असतील म्हणून ती धार लावून आणली. शेवटी नर्सरीवाल्याला बोलावलं. तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, रोग असा खिडकीसमोर रांगेत उभा राहत नाही. हे माणसाचं काम आहे.’ मी हसलो. आई खिडकीतून म्हणाली, ‘तुझ्या गवताला माझ्यापेक्षा जास्त डॉक्टर लागलेत रे!’ त्यावर आम्ही तिघंही हसलो. तिचं हसू सगळ्यात मोकळं होतं.

माती तपासायला दिली. अहवाल आला, क्षार प्रमाणाबाहेर. आणि त्याच डागांवर मुंग्यांची रीघ. आता खाऱ्या मातीवर मुंग्या कशाला येतील, इथे माझं अनुमान चिखलात रुतलं. तुला फोन केला तेव्हा तू जरा थांबलीस आणि म्हणालीस, ‘तुमच्याकडचं पाणी खारं असेल.’ ठमे, नळ एक, पाइप एक, हिरवळ एक. सहाच ठिकाणी खारं होणारं पाणी तू वर्गात कुणाला पटवून दिलं असतंस?

आता थोडं तुला माहीत असलेलं लिहितो, कारण मला ते पुन्हा एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय. आईच्या किडन्या थकून दोन वर्षं झाली. डॉक्टरांच्या त्या अरुंद खोलीत आपण तिघांनी ठरवलं की दवाखान्यातल्या यंत्राला जुंपायचं नाही, घरीच पोटातल्या नळीवाटे डायलिसिस करायचं. दिवसाला चार पिशव्या, दोन-दोन लिटरच्या. जुनं पाणी पोटातून काढायचं, नवं भरायचं. तू कॉरिडॉरमध्ये जाऊन रडलीस, मी माहितीपत्रक वाचत बसलो. त्या दिवशी जी वाटणी झाली तीच अजून चालू आहे. सकाळची पिशवी मी ग्रंथालयात जायच्या आधी, दुपारची तिची तिने, संध्याकाळची आणि झोपण्यापूर्वीची मी घरी असताना. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. मी घरी असलो की माझं काम फक्त पिशवी गरम करून आत नेऊन द्यायचं. खोलीत कुणी थांबलेलं तिला आवडत नाही. भिंतीवर वेळापत्रक मी लावलं, नोंदवही मी आखून दिली. मला या सगळ्याचा अभिमान होता, हे लिहायला आता लाज वाटते.

दोन महिन्यांपूर्वी तिचे रिपोर्ट बिघडले. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि मी सगळं खापर तिच्या जिभेवर फोडलं. केळी बंद केली. बटाट्याच्या एका फोडीवरून मी तिला जेवताना इतकं बोललो की ती डोळे पुसत, ताट तसंच ठेवून उठली. डॉक्टरांनी जास्त तीव्र द्रावणाच्या पिशव्या लिहून दिल्या. तरी पाय सुजतच राहिले. तू त्या आठवड्यात मला फोनवर म्हणालीस, ‘दादा, तिला रागावू नकोस रे.’ मला वाटलं, किती माया!

मागच्या बुधवारी ग्रंथालयाच्या छतावरची टाकी फुटली. संदर्भ विभागात घोटाभर पाणी, म्हणून आम्हाला दुपारीच सुट्टी मिळाली. मागच्या फाटकाने आलो, डागांची चौकशी करावी म्हणून. दोरीवर चादरी वाळत होत्या. त्यांच्या पलीकडे आईची खिडकी सताड उघडी होती. आई खिडकीत उभी, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात दुपारची सीलबंद, भरलेली पिशवी. तिने कोपरा कापला आणि कुंड्यांना पाणी घालावं तशी, घाई न करता, ती पिशवी गवतावर ओतली. फोन खिडकीच्या कठड्यावर होता. त्यातून तुझा आवाज आला, ‘कालच्या जागी नको हं ओतूस. डाग मोठा झाला तर दादाला कळेल.’ आई म्हणाली, ‘त्याला काय कळतंय! पहाटे भिंग घेऊन लोळतो गवतात.’ आणि तुम्ही दोघी हसलात.

पिशवीच्या लेबलावर काय लिहिलेलं असतं ते मी दोन वर्षं रोज वाचतोय. क्षार आणि ग्लुकोज. माती आणि मुंग्या दोघंही खरं बोलत होते. घरातली माणसं तेवढी नव्हती.

मी चादरीआडून बाहेर आलो नाही. फाटक न वाजवता निघालो, बाजारातून दोन फेऱ्या मारल्या, आणि रोजच्यासारखा सहाला घरी येऊन विचारलं, ‘दुपारची झाली का?’ ती म्हणाली, ‘झाली हो. आज जरा वेळ लागला.’ नोंदवही उघडली. दुपारच्या रकान्यात आत गेलेलं पाणी दोन हजार, बाहेर आलेलं दोन हजार ऐंशी. आदल्या दिवशी दोन हजार एकशे दहा. रोज वेगळा आकडा, अगदी पटेल असा. एवढी कल्पनाशक्ती आपल्या घरात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मला न सांगण्याची तुमची ही दुसरी वेळ आहे, ठमे. बाबा गेले तेव्हा माझी शेवटची परीक्षा चालू होती आणि चार दिवस मला कुणी कळवलं नाही. मी फोन केला तेव्हा तूच उचलला होतास, पंधरा वर्षांची होतीस, आणि म्हणालीस, बाबा झोपलेत. मी तुला त्याबद्दल कधी बोललो नाही. आईने सांगितलं, तू केलंस. पण आता तू पंधराची नाहीस. या वेळी मला कुत्र्याच्या मागे लावणारी तू आहेस, आणि मी शेजाऱ्याला तोडून बोललो, आईला बटाट्यावरून रडवलं, डॉक्टरांकडून औषध वाढवून घेतलं, हे सगळं होताना तू बघत होतीस. रोज दुपारी, फोनवरून.

तुझी बाजूही मला माहीत आहे, कारण चादरीआडून मी तीसुद्धा ऐकली. आई म्हणत होती, ‘दुपारी तेवढं मोकळं वाटतं गं. नाहीतर दिवसभर मी म्हणजे एक भरायचं-रिकामं करायचं भांडं.’ हे ती मला म्हणाली असती तर मी काय केलं असतं? तू म्हणशील, दादाने नवं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं असतं. लावलं असतं, मान्य. पण आधी डॉक्टरांना विचारलं असतं की तीनवर भागेल का, आणि कदाचित ते हो म्हणाले असते. निदान तीव्र पिशव्या तरी तिच्या पोटात गेल्या नसत्या.

या रविवारी मी हिरवळीवर उपचार केले. क्षार साठले तर मातीत जिप्सम मिसळायचं, मग खोलवर मुरेल एवढं पाणी पुन्हा पुन्हा द्यायचं, म्हणजे खार मुळांच्या खाली धुऊन जातो. मेलेलं गवत दाताळ्याने ओढून काढायचं आणि चांगल्या भागातले ठोंब आणून तिथे लावायचे. पहिली अट अर्थातच ही की क्षार येतो तो थांबला पाहिजे. ती अट सोडून बाकी सगळं मी केलं. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, ‘एवढं पाणी?’ मी म्हणालो, ऊन फार आहे. आता आम्ही दोघंही एकमेकांशी खोटं बोलतो, फार सफाईने. स्टेशनमास्तरांची मात्र मी माफी मागितली. ते म्हणाले, ‘कर्नलला सांगतो. तो मनावर घेणारा आहे.’

एवढ्यावर मी हे पत्र लिहिलं नसतं. रुसून बसलो असतो, तुला वाढदिवसाला कोरडा निरोप पाठवला असता, आणि वर्षभरात विसरलो असतो. पण काल संध्याकाळी पिशवी आत देऊन मी पाइप गुंडाळायला मागे गेलो. न्हाणीघराच्या खिडकीखाली, जिथे आजवर एकही डाग नव्हता, तिथलं गवत ओलं दिसलं. मी हात लावून बघितलं. माती कोमट होती. त्या वेळी घरात कोमट अशी एकच पिशवी होती, आणि ती मी पाच मिनिटांपूर्वी माझ्या हाताने तिला दिली होती. ही गोष्ट तुला माहीत आहे का? माहीत असेल तर तुम्ही दोघींनी माझ्याशिवाय काहीतरी ठरवलंय. माहीत नसेल तर ती आता तुझ्यापासूनही लपवते आहे. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला सांगता येत नाही. एक पिशवी दुपारच्या मोकळेपणासाठी होती, हे मी समजू शकतो. दुसरी कशासाठी, हे मी तिला विचारू शकत नाही. मी विचारलं तर ती या वेळी खोटं बोलणार नाही, असं मला वाटतं. तिला हे सगळंच थांबवायचंय असं ती म्हणेल, आणि मी तिला हो म्हणू शकणार नाही, नाहीही म्हणू शकणार नाही. मला फार भीती वाटते आहे, ठमे. शाळेत काय सांगायचं ते सांग, पण या आठवड्यात ये.

तुझाच, रागावलेला आणि तरी वाट बघणारा,
दादा