दोन वाट्यांतलं निळं पाणी

बा, इतक्या उशिरा लिहितो आहे, राग मानू नको. लिहायचं मनात यायचं आणि राहून जायचं. माझी शाळा सातवीतच सुटली, तुला ठाऊकच आहे; कागद समोर घेतला की हात अडखळतो. पण आज एक गोष्ट विचारायची आहे आणि ती सांगू शकेल असं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

मागच्या जागेत पोरानं नवं घर बांधलं आणि आपलं जुनं घर पाडलं. मी तेव्हा आदिलाबादच्या दवाखान्यात होतो, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पोरानं आधी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, त्याचा दोष नाही. पण मला वाटलं होतं, मी आल्यावर पाडतील. डोळ्यावर पट्टी घेऊन आलो तर अंगणात नुसता ढीग. आपलं घर आणि शेजारचं काकाचं घर, दोन्ही एकदमच पाडली होती आणि लाकडं एकावर एक फेकली होती. काकाची पोरं हैदराबादेत, त्यांना त्यातलं काहीच नको. सगळं लाकूड वीटभट्टीवर जायचं होतं. मी म्हटलं, मधला खांब मला ठेवा, माझा बा त्याला पाठ टेकून बसायचा, गेला तोही तिथं बसल्या बसल्याच. पोरगा म्हणाला, “ठेवू ना बाबा. पन एकच. दोन खोल्याचं घर, लाकडं कुठं ठेवाची? कोनता तो दाखवा, मी बाजूले काढतो.”

कोणता तो, हेच तर कळेना. दर चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही खांबांना ऑइलपेंट मारत आलो. काकाकडेही तोच रंग, कारण डबा एकच आणायचा. तुझ्या पाठीचा तेलकट डाग थरांखाली कधीच दडला. घडवणारा सुतार दोन्हीकडे एकच, खाचाही सारख्याच. एक मात्र पक्कं आठवत होतं. तू म्हणायचास, साऱ्या घराला ऐनाचं लाकूड घातलं, मधल्या खांबाला तेवढं बिजाचं. म्हटलं, मग बिजा शोधला की झालं.

तू इंद्रवेल्लीच्या लाकूड डेपोत ओंडके जातीप्रमाणे वेगळे लावायचास, ते दिवस डोळ्यासमोर आहेत. मी नवा नवा तुझ्या हाताखाली आलो आहे. एका ओंडक्याकडे पाहून मी म्हणतो, साग. तू सगळ्यांसमोर खेकसतोस, “काऊन रे, रंग पाहून सांगतं? चार उन्हाळे जाऊ दे, सारे सारखेच दिसतीन. आंधळा हायेस असं समज, अन् मंग सांग.” मग तू ढलपी काढून माझ्या नाकाशी धरतोस. सागाला नव्या वहाणेसारखा वास. दुसरी ढलपी ओली करून तिच्यावर खिळा ठेवतोस, भाकर खाऊन येईपर्यंत खिळ्याखाली शाईसारखा काळा डाग, तो ऐन. लाकडाची काडी पेटवून पाहायची, मागं पांढरी राख राहते की काळा कोळसा. तुकडा पाण्यात किती बुडतो ते पाहायचं. आणि घरी आल्यावर मायची पितळी वाटी घेऊन तिच्यात बिजाचा भुसा टाकायचास, बोटानं ढवळायचास आणि उन्हात धरायचास. पाणी चहासारखं, पण तिरपं पाहिलं की त्यात निळी झाक, मोराच्या मानेसारखी. माय ओरडायची, “जेवाच्या वाटीत लाकूड काऊन घालता!” तू हसून म्हणायचास, “पाहून तं घे, लुगडं अशा रंगाचं आनतो तुले.” आणलं नाहीस कधी, पण ती दर वेळी वाकून पाहायची.

मी तसंच केलं. एकेक खांब खरवडला, आत कोरं लाकूड लागेपर्यंत. बहुतेकांवर खिळ्याखाली काळा डाग पडला, ते ऐन. दोन-तीन सागाचे निघाले, काकानं मिळेल ते लाकूड घातलं होतं. उरलेल्यांचा भुसा वेगवेगळ्या वाट्यांत टाकला. सुनेनं पाहिलं. “मामाजी, घरातल्या साऱ्या वाट्या घेतल्या! डॉक्टरनं वाकू नका म्हनलं ना?” मी ऐकलं नाही. स्वच्छ पाणी बरं म्हणून विकतच्या कॅनचं पाणी घातलं होतं. उन्हात बसून राहिलो. एकाही वाटीत निळं नाही. पट्टी सारून पाहिलं, डोळा फसवतो आहे का म्हणून सुनेला दाखवलं. तीही म्हणाली, नाही. मी यायच्या आधी एक खेप भट्टीवर गेली होती, तुझा खांब तिच्यातच गेला असणार असं वाटलं आणि मला रडू आलं, तिच्यासमोर. ती बिचारी म्हणाली, “मामाजी, बोरचं पानी घालून पाहता काय? त्यानं भांडे पांढरे पडतेत, काहीतरी असंन त्याच्यात.”

बोरचं घातलं आणि निळं आलं. तेव्हा मला तुझं बोट दिसलं, बा. तंबाखू मळून झाली की त्याच बोटानं तू वाटी ढवळायचास. बोटाला चुना असायचा, बोरच्या पाण्यात असतो तसाच. तो चुनाच ते निळं बाहेर काढत होता. तू हे कधी सांगितलं नाहीस, कदाचित तुलाही ठाऊक नसेल. माझ्यापर्यंत तुझी सारी विद्या आली, तेवढं चुन्याचं बोट राहून गेलं.

पण निळं एका वाटीत आलं नाही, दोन वाट्यांत आलं. मग आठवलं, माय सांगायची की खोड लांब निघालं होतं, दोघा भावांनी अर्धं अर्धं घेतलं. काकाच्या घरातही बिजा होता. झाड एकच, मग वास तोच, वजन तेच, राख तीच. पुन्हा पुन्हा पाहिलं. लाकूड कशाचं ते कळत होतं, कोणाच्या पाठीचं ते कुठल्याच वाटीत दिसेना.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाला आला, मला तेलुगूत आजोबा म्हणणारा. “तातय्या, जल्दी बोलो, भट्टीवाला फोन पे फोन कर रहा.” गल्लीतली माणसं जमली होती. कोणी म्हणालं, बापाचा गुण बराबर उतरला. पोरगा माझ्याकडे पाहत होता. मी हात लावला आणि म्हणालो, हा. दुसरा माझ्यासमोर ट्रॅक्टरवर चढला.

आता तो खांब नव्या घराच्या भिंतीशी उभा आहे. पोरगा येता-जाता त्याच्यावर हात ठेवतो. सुनेनं पुसून त्याला तेल लावलं. मी त्याला अजून पाठ टेकवली नाही. कारण बा, मला कळलं नव्हतं. जो जवळ होता, तो दाखवला. दोन्ही ठेवा म्हणायला तोंड उघडलं असतं तर पोरानं ठेवलेही असते, पण इतक्या माणसांत मला कळत नाही असं म्हणवलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? गेलेला माणूस कळवत नाही, विहारात तेच सांगतात आणि मलाही ते पटतं. तरी लिहितो. दुसरा खांब भट्टीवर पडून आहे, विटा रचून झाल्या की पेटवतील. आपला कोणता तेवढं सांग. लवकर कळव, बा.