तिसऱ्या जावेचं गिऱ्हाईक

निरवांगी, ता. इंदापूर
दि. २४ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. स्वरूपा हीस थोरल्या जावेचे, सरूबाईचे, अ. उ. आ. वि. वि.

तुम्ही दिवाळी करून गेलात आणि घर गपगार झालं. करंज्या अजून डब्यात आहेत, खाणारं तोंड नाही. शाळू गुडघ्याला लागला आहे, विहिरीला पाणी बरं आहे.

लिहायला बसले ते आपल्या तिसरीबद्दल. तू लग्न होऊन आलीस तेव्हा ह्यांनी गोठ्यापुढची लाल मोटारसायकल दाखवून, ही तुमची तिसरी जाऊ, हिला मान द्या, असं सांगितलं होतं. तू बावळी खरंच वाकलीस. कंपनीनं गाडीचं नाव जावा ठेवलं आणि दादासोच्या घरात जावा तीन, असं गाव आजवर म्हणतं. मलाही हसू यायचं. आता येत नाही.

पावसाळ्यात ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, डावा पाय मात्र पांगळाच राहिला. आणि त्या सटवीचा सगळा कारभार डाव्या पायाचा. किक डावीकडं, आणि तीच दांडी आत दाबून पुढं वळवली की गिअर. बारामतीच्या डॉक्टरांनी गाडीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं आहे. तरी हे रोज सकाळी तिला पुसतात, पेट्रोल सोडतात आणि किकवर पाय ठेवतात. पाय घसरतो. परवा गाडीसकट अंगणात पडले. मी धावले तर आधी गाडी उचल म्हणाले.

त्यातच बारामतीच्या दुकानदारानं निरोप धाडला की म्हैसूरकडचा गाडीचा कारखाना बंद पडला, आता सुटं सामान मिळेल तेवढंच. त्या दिवशी हे जेवले नाहीत. गावात दारोदारी नव्या गाड्या आल्या आहेत, थोड्या पेट्रोलात लांब जाणाऱ्या. कुणी सुचवलं तर ह्यांचं उत्तर ठरलेलं, म्हातारी झाली म्हून आई कुनी बदलतं व्हय.

स्वरूपा, मला गाडी नको, माणूस हवं. रविराज भावजींना सांगून तिला एखादं गिऱ्हाईक बघ. ह्यांच्या कानावर जाता कामा नये. न्यायला माणूस दारात उभा राहिला की मग मी काय ते निभावून नेईन.

मुलांना पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
सरूबाई


सोमेश्वरनगर
दि. ३ डिसेंबर १९९६

ती. सौ. सरूअक्का यांचे चरणी स्वरूपाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आहे. पहाटेपासून मळीचा वास घरात भरतो आणि ऊसतोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांतून चुलींचा धूर वर चढताना दिसतो. धुक्यात तो धूर कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते समजत नाही. मुलं खुशाल आहेत.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. तुमचे भावजी ताट तसंच ठेवून पायरीवर जाऊन बसले. मग आपल्याशीच बोलावं तसं बोलायला लागले. आपल्या घरी मेंढरं होती तेव्हाची गोष्ट. हे लहान, कळपाबरोबर घाटाच्या अंगाला हिंडायचे. दिवस दिवस ओळखीचा माणूस दिसायचा नाही. मग एखाद्या दुपारी माळाच्या पलीकडून जावाचा आवाज यायचा, आधी वाऱ्यात मिसळलेला, नंतर वेगळा. माणसांच्या आधी मेंढरं माना वर करायची म्हणे. धुळीतून मोठे भाऊजी यायचे, मागं बाजरीचं पोतं, आणि वाटेत एखादं लंगडं कोकरू सापडलं असलं तर ते पुढं टाकीवर. हे म्हणतात, मला अजून झोपेत तो आवाज येतो आणि जाग आल्यावर आपण माळावर नाही याचं वाईट वाटतं.

एवढं बोलून, वहिनीनं सांगितलंय तर बघतो, असं म्हणाले. पण दादांपुढं जायची माझी छाती नाही, हेही म्हणाले.

अक्का, लहान तोंडी मोठा घास घेते. विकायची तर विका, पण चोरून विकू नका. तुमच्यामागं हवं तर मी येऊन उभी राहते. धाकट्या जावेचा एवढा हट्ट पोटात घाला आणि माया ठेवा.

आपली,
स्वरूपा


(पोस्टकार्ड)

निरवांगी, दि. १२ डिसेंबर १९९६

चि. सौ. स्वरूपास आशीर्वाद. घाईत लिहिते. तिसरीला लवकर घराबाहेर काढा. ह्यांचा जीव तिच्यातच अडकला आहे, काल पुन्हा तिच्यापायी पडले, कपाळाला खोक पडली. मिळेल ते गिऱ्हाईक बघा, फार चिकित्सा नको. ह्यांना कळू देऊ नका. बाकी भेटीत.

सरूबाई


सोमेश्वरनगर
दि. १८ डिसेंबर १९९६

ती. सौ. सरूअक्कांना स्वरूपाचा सा. न. वि. वि.

आधी भाऊजींच्या कपाळाची जखम कशी आहे ते कळवा. मग खाली बसा आणि पुढचं वाचा.

अक्का, असलं काही उघड्या कार्डावर लिहितात का? मी दळणाला गेले होते म्हणून पोस्टमननं कार्ड शेजारच्या फुलाबाईंकडं दिलं. त्यांनी ते वाचलं, आणि एकदा वाचून भागेना म्हणून बाकीच्या बायकांनाही वाचून दाखवलं. मी येते तर फुलाबाई डोळ्याला पदर लावून माझ्या दारात. बाई, तुझ्या थोरल्या दिरानं या वयात तिसरी केली व्हय, आन् ही तुझी जाऊ तिला गिऱ्हाईक बगती, काय हे कलियुग, असं म्हणून माझ्या गळ्यात पडल्या. मला आधी कळेचना. कार्ड हातात आलं तशी मी दळणाचा डबा घेऊन खालीच बसले. पोट दुखेपर्यंत हसले आणि मग सगळ्यांना समजावून सांगितलं. फुलाबाईंचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. तिसरीचा फोटो असला तर पाठवा.

आता न हसण्याची गोष्ट. तुमच्या गावचा एक गडी इथं ऊस ओढायला ट्रॅक्टरवर आहे. त्यानं ते ऐकलं आणि मी समजावायच्या आत तो गावी गेला. हे पत्र पोचेपर्यंत पारावर चर्चा झालेली असेल. म्हणून हात जोडून सांगते, गावानं सांगायच्या आधी तुम्ही सांगा.

आणि गिऱ्हाईक खरंच मिळालं आहे. पुण्याचे एक गृहस्थ आहेत, जुन्या वस्तूंचे हौशी. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी निरवांगीला येतील. माणूस सभ्य वाटला असं हे म्हणाले, पण सांगताना माझ्याकडं बघत नव्हते.

चुकलंमाकलं पदरात घ्या, आणि रागावलात तरी पत्र लिहून रागवा.

आपली,
स्वरूपा


निरवांगी
दि. २० जानेवारी १९९७

चि. सौ. स्वरूपा हीस सरूबाईचे अ. उ. आ. वि. वि.

तिळगूळ पोचला. माझ्याकडून उशीर झाला, कारण हात रिकामे नव्हते. का ते आता कळेल.

तुझ्या पत्राआधी तुझा ट्रॅक्टरवाला पोचला. पारावर ह्यांना म्हाताऱ्या माणसांनी घेरलं आणि तिसरी कुठं लपवलीय ते दाखव म्हणाले. हे हसत घरी आले. मग उंबऱ्यात थांबले, आणि हसू गेलं. गिऱ्हाईक शब्दावरून त्यांना सगळं उमगलं असावं. मला वाटलं आता भांडी फुटतील. पण हे काठी टेकत बाजेकडं गेले. बाजेवर आडवे होऊन गोठ्याकडं बघत राहिले. तसे ते पुढं रोजच पडून राहायला लागले. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. गाडी पुसायचीही सोडली. मला हवं होतं ते हेच, ह्यांनी तिचा नाद सोडावा. आणि ते मिळाल्यावर मला घर खायला उठलं.

पुण्याचे पाहुणे आले. खरंच चांगला माणूस. गाडीला हात जोडले. त्यांना ती चालवायची नव्हती, बैठकीत उभी करायची होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावी म्हणून. हे ऐकून ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. आमी मेलेली गाडी इकत न्हाय, आधी चालू करून दाखवतो, असं म्हणून काठी टाकून उठले. किक मारली, पाय घसरला. पुन्हा मारली. पाहुणे राहू द्या, राहू द्या म्हणत होते. ह्यांचं अंग घामानं भिजलं, डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते मला बघवेना. मी पदर खोचला, ह्यांना बाजूला केलं आणि सगळा भार टाकून किक मारली.

स्वरूपा, ती पहिल्या किकेला चालू झाली. कोंबड्या उधळल्या. अंगणभर निळा धूर झाला, तो ऑइलचा जळका वास. मी इतकी वर्षं नाक मुरडलं त्या वासाला. धुरात हे नुसते उभे होते आणि कान देऊन ऐकत होते. तोंडावर असं काही आलं होतं की मी पाहुण्यांना म्हणाले, दादा, चहा घेऊन जावा, पण गाडी मिळणार नाही. पाहुणे समजले. जाताना आणखी एकदा हात जोडून गेले.

मग ह्यांनी खळ्यावर मला शिकवायला सुरुवात केली. जगानं काय म्हणायचं ते म्हणावं. मी दोनदा पेंढ्यांच्या गंजीत घुसले. हे ओरडले नाहीत, आमी पयल्यांदा हिरीत घालणार हुतो, असं सांगून धीर दिला.

काल आम्ही नीरेच्या काठच्या गाडीवाटेनं गेलो. मी पुढं, हे मागं. ह्यांना पाय पलीकडं टाकता येत नाही, म्हणून बायकांसारखे डाव्या अंगाला तोंड करून बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. बैलाच्या चालीनंच गेलो. उसाला तुरे आले आहेत, दोन्ही बाजूंनी पांढरं, आणि मधून वाट. स्वरूपा, मला ती वाट कधी दिसलीच नव्हती. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या मागं डावीकडं तोंड करून बसले. पुढं ह्यांची पाठ आणि बाजूला पळणारा मुलूख, एवढंच माझं जग. रस्ता समोरून इतका मोठा दिसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

थोडं गेल्यावर ह्यांनी विचारलं, सरे, ही चिंच कवाची हाय हितं? मी म्हटलं, मी नांदायला आले तेव्हापासून आहे. मग विचारलं, ती पडकी हीर कुनाची, ते पांढरं देऊळ कुनाचं, त्या बांधावरचं घर कधी झालं. या वाटेनं हयात गेली ह्यांची, आणि पोराच्या कुतूहलानं विचारत होते. ह्यांनी समोरचंच बघितलं होतं ना. मी एकेक सांगत गेले. मान वळवावी लागली नाही, ती सगळी बाजू मला पाठ आहे.

भावजींना सांग, आता गिऱ्हाईक बघू नका, जुन्या सामानाचं दुकान बघा. तुम्ही सगळी या. आहे ती माया तशीच राहू दे.

तुझी,
सरूबाई